आफ्रिकेतील मुलांच्या संस्थेला अनुदान मिळवून देताना : कोल्हापूरकरांसाठी मार्गदर्शन

कोल्हापूर-सांगलीच्या साखर कारखान्यांत तयार झालेले केमिस्ट आणि इंजिनिअर नोकरीसाठी पूर्व आफ्रिकेतील कारखान्यांत जातात आणि सुटीवर घरी येताना कधीकधी तेथील एखाद्या लहान संस्थेची विनंतीही घेऊन येतात : आईवडील गमावलेली, शाळा सुटलेली मुले आम्ही सांभाळतो, तुमच्याकडून काही मदत होईल का? अशा वेळी आपल्याकडे लगेच पावतीपुस्तक निघते, तालमीपासून सोसायटीपर्यंत फिरते आणि थोडीफार रक्कम जमतेही. परंतु एका वेळच्या वर्गणीने मुलाचे शाळेचे एखादे सत्र निघते, पुढच्या सत्राचा प्रश्न तसाच राहतो. त्या संस्थेला गरज असते ती दोन-तीन वर्षे टिकणाऱ्या अनुदानाची, आणि ते मिळवण्याच्या कामात कोल्हापुरात बसूनही बरीच मदत करता येते. येथे केनियाचे उदाहरण धरले आहे.

प्रथम बंद असलेले रस्ते पाहू, कारण बहुतेकांचा वेळ तेथेच जातो. आपल्या नोंदणीकृत धर्मादाय न्यासाने भारताबाहेर केलेला खर्च आयकराच्या सवलतीसाठी साधारणपणे धरला जात नाही. त्यासाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची स्वतंत्र मंजुरी लागते, आणि लहान न्यासाने तिच्या मागे लागण्यात अर्थ नाही. शिरोलीच्या फौंड्रीवाल्याकडे किंवा एखाद्या साखर कारखान्याकडे सीएसआर निधी (कंपन्यांनी सामाजिक कामासाठी खर्च करायचा पैसा) मागण्याचाही उपयोग नाही, कारण भारताबाहेर केलेले काम सीएसआरमध्ये मोजले जात नाही. अपवाद आहे तो देशाचे प्रतिनिधित्व करणाऱ्या खेळाडूंच्या प्रशिक्षणाचा. युरोपातील दात्याचे पैसे आपल्या न्यासाच्या खात्यावर घेऊन पुढे केनियाला पाठवू, ही कल्पना तर मनातून काढूनच टाकावी. परदेशी निधी घेण्यासाठी एफसीआरए या परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याखाली नोंदणी लागते आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर असा निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यास मनाई आहे.

मोकळे रस्ते दोन आहेत. व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंतची रक्कम परदेशी पाठवता येते आणि तीत देणगीही बसते. बँकेत पॅन आणि ए-2 फॉर्म द्यावा लागतो, मात्र देणगीवरची 80 जी कलमाची आयकर सवलत मिळत नाही. दुसरा रस्ता रोटरी क्लबांचा. रोटरी फाउंडेशनच्या ग्लोबल ग्रँट या अनुदानासाठी जेथे काम होणार त्या देशातील एक क्लब आणि बाहेरच्या देशातील एक क्लब असे किमान दोन भागीदार लागतात, प्रकल्पाचा खर्च निदान 30,000 डॉलरचा असावा लागतो आणि अर्जापूर्वी स्थानिक गरजांची पाहणी करावी लागते. प्राथमिक शिक्षण आणि माता-बाल आरोग्य हे विषय तीत बसतात. कोल्हापुरातील क्लब येथे बाहेरचा भागीदार होऊ शकतो. पण तिकडच्या गावाजवळचा क्लब खरोखर उत्सुक आहे का, हे आधी पाहावे, कारण प्रत्यक्ष देखरेख त्यालाच करायची असते.

यानंतर संस्थेची कागदपत्रे मागवावीत. केनियात 2013 चा सार्वजनिक लाभ संस्थांचा कायदा मे 2024 मध्ये प्रत्यक्ष लागू झाला आणि स्वयंसेवी संस्थांची नोंदणी आता त्याखाली होते. गावपातळीवरच्या गटांसाठी 2022 चा वेगळा कायदा आहे. संस्था यांपैकी कशाखाली नोंदलेली आहे, बँक खाते संस्थेच्या नावाने आहे का, सह्या किती जणांच्या लागतात आणि मागील लेखापरीक्षण कोणी केले, एवढ्या चार गोष्टींची उत्तरे कागदावर येत नसतील तर प्रस्ताव लिहायला बसू नये. खाते संस्थापकाच्या स्वतःच्या नावाने निघाले, तर हात जोडून थांबावे. मुलांच्या सुरक्षिततेचे लेखी धोरणही हवेच. मुलांशी एकट्याने कोण भेटू शकतो, तक्रार कोणाकडे करायची आणि फोटो कोणाच्या संमतीने काढायचे, हे त्यात स्पष्ट असावे. ही कलमे दाते संस्था काळजीपूर्वक वाचतात.

शाहू महाराजांच्या वसतिगृहांच्या परंपरेत वाढलेल्या कोल्हापूरकराला मुलांसाठी काही करायचे म्हटले की आधी इमारत सुचते. केनियाचे धोरण मात्र आता उलट दिशेने चालले आहे. 2022 ते 2032 या काळासाठी तेथील सरकारने आखलेल्या आराखड्यात मुलांना अनाथालयांतून कुटुंबांकडे परत नेण्यावर भर आहे आणि बालहक्कांचे काम करणारे मोठे दातेही याच बाजूचे आहेत. म्हणून नव्या अनाथालयाचा प्रस्ताव करू नये. नातवंडे सांभाळणाऱ्या आजीला आधार, शाळेत टिकून राहण्यासाठी मदत, बचत गट अशा स्वरूपाचा करावा.

दाते शोधताना 2025 चा बदल लक्षात घ्यावा. त्या वर्षी परदेशांना मदत देणारी अमेरिकी सरकारची यूएसएड ही संस्था गुंडाळली गेली आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या असंख्य संस्था आता त्याच मोजक्या खासगी दात्यांच्या दारात उभ्या आहेत. नैरोबीतील केनिया कम्युनिटी डेव्हलपमेंट फाउंडेशन, आफ्रिकेतील गावपातळीच्या संस्थांना बळ देणारे फायरलाइट फाउंडेशन आणि एड्समुळे पोरकी झालेली नातवंडे वाढवणाऱ्या आज्यांसाठी काम करणारे कॅनडातील स्टीफन लुईस फाउंडेशन यांची संकेतस्थळे आधी वाचावीत. अनेक प्रतिष्ठाने न मागवलेला अर्ज उघडतही नाहीत. तेथे आधीच्या एखाद्या अनुदानित संस्थेची ओळख लागते किंवा दोन पानांचे चौकशीपत्र पाठवून वाट पाहावी लागते.

प्रस्तावात सर्वाधिक मेहनत गरजेच्या वर्णनावर घ्यावी. ‘आमच्या भागातील अनाथ मुलांची अवस्था अत्यंत दयनीय आहे’ या वाक्यातून वाचणाऱ्याला काहीही कळत नाही. त्याऐवजी संस्थेकडून एक साधी नोंदवही भरून घ्यावी : मुलाचा क्रमांक (नाव नव्हे), जन्मवर्ष, सांभाळणारे माणूस कोण, जन्मदाखला आहे की नाही, मागील सत्रात शाळेत किती दिवस गेले, गैरहजेरीचे कारण. अशी वही भरली की खरे अडथळे आपोआप वर येतात. केनियात प्राथमिक शिक्षण 2003 पासून मोफत आहे, तरी गणवेश, वह्या आणि जेवणाचा खर्च घरावर पडतो. जन्मदाखला नसेल तर परीक्षेच्या नोंदणीत अडचण येते आणि सरकारी मदतीचा अर्जही अडकतो. पोरक्या मुलांच्या कुटुंबांना दरमहा 2,000 शिलिंग (केनियाचे चलन) देणारी सरकारी योजना तेथे आहे. नोंदवहीतील किती घरे तिला पात्र असूनही बाहेर आहेत, हे मोजून लिहिले की प्रस्तावाला वजन येते, कारण अनुदान संपल्यावर पुढे काय, या प्रश्नाचे निम्मे उत्तर तेथेच मिळते.

अंदाजपत्रक शिलिंगमध्येच करावे आणि विनिमयाचा दर व तारीख खाली लिहावी. घरभेटींसाठी मोटारसायकलचे भाडे, दाखल्यांचा खर्च, समाजसेविकेचे मानधन, लेखापरीक्षकाची फी हे सारे वेगवेगळ्या ओळींत दाखवावे. व्यवस्थापनाचा खर्च शून्य दाखवण्याची आपल्याकडे सवय आहे. त्यात मोठेपणा वाटतो, परंतु अनुभवी दात्याला तो खर्च दुसऱ्या कुठल्यातरी ओळीत दडवला असल्याचा संशय येतो. किर्द-खतावणीचा नमुना, व्हाउचरची पद्धत आणि तिमाही अहवालाचा तक्ता कोल्हापुरातील एखाद्या सनदी लेखापालाने बसवून दिला, तर ती मदत वर्गणीपेक्षा मोलाची ठरते.

अर्ज मात्र केनियातील संस्थेच्याच नावाने, तिच्या कार्यकारिणीच्या ठरावासह जावा. निवडीपूर्वी दाते बहुधा दूरदृश्य मुलाखत घेतात. तिची वेळ ठरवताना नैरोबी आपल्यापेक्षा अडीच तास मागे असल्याचे ध्यानात ठेवावे. आपण ऐकायला बसावे, पण प्रत्येक आकड्याचे उत्तर तेथील खजिनदाराने द्यावे. त्याला ते देता येत नसेल तर मुलाखत पुढे ढकलून आधी त्याच्याबरोबर अंदाजपत्रक पुन्हा ओळीओळीने वाचावे.