या चुका टाळा : ठोक्यांच्या औषधात सलाइनवरून गोळीवर येताना

ठोके जागेवर आले, शिरेतून औषध सोडणारा सिरिंज पंप निघाला, गोळी सुरू झाली की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. नाशिकमध्ये हृदयरुग्णांच्या औषधांचं काम करताना मला सगळ्यात जास्त काळजी याच टप्प्याची वाटते. आयसीयूत मॉनिटर लक्ष ठेवतो. वॉर्डात आणि घरी ते काम माणसांवर येतं.

पहिली चूक वेळेची. पंप संध्याकाळी बंद होतो आणि गोळी रात्रीच्या राउंडला दिली जाते. मधल्या तासांत शिरेतल्या औषधाचा जोर ओसरतो आणि ठोके पुन्हा धावू लागतात. एस्मोलॉल हे ठोक्यांचं औषध तर रक्तात नऊ-दहा मिनिटांतच निम्मं होतं. डिल्टियाझेम या दुसऱ्या औषधालाही आधी गोळी, तिचा असर सुरू झाल्यावर पंप कमी करत बंद, हाच क्रम बरा. अमिओडॅरोन या औषधाचं गणित वेगळं आहे. ते शरीरात आठवडे-महिने मुरून राहतं, म्हणून शिरेतून किती दिवस दिलं यावर गोळीचा सुरुवातीचा डोस ठरतो. एकाचा नियम दुसऱ्याला लावू नये. नातेवाइकांनी फक्त एवढं विचारावं : "सिस्टर, पहिली गोळी किती वाजता, आणि पंप कधी बंद होणार?" हा प्रश्न विचारायला अजिबात संकोच नको.

दुसरी चूक, मिलिग्रॅमला मिलिग्रॅम. पोटातून गेलेलं औषध पूर्ण रक्तात पोहोचत नाही, काही यकृतातच संपतं. मेटोप्रोलॉल शिरेतून 5 मिग्रॅ म्हणजे तोंडाने साधारण 12.5 मिग्रॅ. डिल्टियाझेम पंपावर तासाला 5 मिग्रॅ, म्हणजे दिवसाला 120, असेल तर गोळीचा रोजचा डोस अंदाजे 180 मिग्रॅ धरतात. हा हिशोब डॉक्टरांचा. घरच्यांनी "इंजेक्शन तर एवढंसं होतं, गोळी एवढी मोठी का?" म्हणून ती अर्धी करू नये.

नाकातून पोटात घातलेल्या नळीतून औषध चालू असेल तर एसआर, ईआर, एक्सएल लिहिलेली, म्हणजे हळूहळू सुटणारी गोळी कुटून कधीच देऊ नका. दिवसभर हळूहळू सुटायचं औषध एकदम सुटतं, नाडी आणि बीपी दोन्ही खाली येतात. साध्या गोळीचा डोस दिवसभरात विभागून देता येतो, ती मागून घ्या.

आता डिस्चार्ज कार्ड. अमिओडॅरोन अनेकदा असं लिहिलेलं असतं : 200 मिग्रॅ 1-1-1 (सकाळ-दुपार-रात्र एकेक) सात दिवस, मग 1-0-1 सात दिवस, मग रोज एक. सुरगाणा, पेठकडचा रुग्ण गावी जातो, पट्टी संपली की मेडिकलवाल्याला रिकामं पाकीट दाखवतो आणि तीच 1-1-1 महिनोन्‌महिने चालू राहते. मग नाडी मंदावते, थायरॉइड बिघडतं, यकृताच्या तपासणीतले आकडे वाढतात, क्वचित फुप्फुसालाही इजा होते. हे टाळायचं तर कार्डावर दिवसांऐवजी तारखा लिहून घ्या : अमुक तारखेपासून दोन, अमुक तारखेपासून एक. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखांना गोल करा. थायरॉइड आणि यकृताची तपासणी सुरुवातीला आणि पुढे साधारण दर सहा महिन्यांनी.

घरातला औषधांचा जुना डबाही डॉक्टरांसमोर उघडा. अमिओडॅरोनमुळे वॉरफरिन, अ‍ॅसिट्रोम या रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा असर वाढून रक्तस्राव होऊ शकतो, त्यामुळे आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी) लवकर आणि वारंवार बघावा लागतो. डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाचा डोस बहुधा निम्मा करतात. कंपनी बदलली म्हणून तेच औषध दोन नावांनी घेणारेही भेटतात, तेव्हा पट्टीवरचं मूळ औषधाचं नाव जुळवून पाहा.

जुलाब-उलट्यांत पोटॅशियम घसरतं आणि ठोके पुन्हा बिघडतात, लगेच कळवा. आपल्याकडे हंगामात हमखास विचारलं जातं म्हणून सांगते : द्राक्षं चालतात. टाळायचं ते ग्रेपफ्रूट, आणि पपनसही नकोच.

नाडी रोज पूर्ण एक मिनिट मोजा. ठोके अनियमित असतील तर पंधरा सेकंद मोजून चारने गुणलेला आकडा फसवा निघतो. नाडी 50 च्या खाली गेली तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. भोवळ, दम किंवा छातीत दुखणं असेल, शुद्ध हरपली असेल, तर थेट 108. जास्तीची गोळी देऊन सकाळची वाट बघू नका.