पीसीओएस आहे आणि वजन उतरवायचंय? या चुका टाळा

दिवाळी सरते, तुळशीचं लग्न लागतं, मग माणसांच्या लग्नांचे मुहूर्त निघतात आणि माझ्याकडे गर्दी सुरू होते. मुलगी पुढे, आई मागे. "मॅडम, फेब्रुवारीच्या आत दहा किलो उतरवायचंय." मुलीची मान काळवंडलेली, हनुवटीवर रेझरच्या खुणा. पाळीचं विचारलं की दोघी एकमेकींकडे बघतात आणि पिशवीच्या तळातून सोनोग्राफीची फाइल निघते. पीसीओएस, म्हणजे बीजकोशांचा (ओव्हरींचा) हार्मोन बिघडल्याचा आजार. "ते आहेच हो, पण आधी वजनाचं बघा."

ठाण्यात एका स्त्रीरोगतज्ज्ञांच्या शेजारच्या खोलीत मी आहारतज्ज्ञ म्हणून चौदा वर्षं बसते आहे. चुका त्याच, फक्त चेहरे नवे. तेच तेच बोलून घसा बसला, म्हणून आता लिहिते.

लग्नाची तारीख बघून वजनाची तारीख ठरवणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. काही वर्षांपूर्वी ऐरोलीला आयटीत काम करणारी एक मुलगी आली होती. वय २६, वजन ७८. लग्नाला तीन महिने होते. मी तिला आठवड्याला अर्धा किलोचा हिशेब सांगितला. तो ऐकून तिचं तोंड एवढंसं झालं. पुन्हा आली नाही. जिममधल्या कुणीतरी तिला 'प्लॅन' दिला होता: सकाळी शेक, दुपारी काकडी-गाजर, संध्याकाळी शेक, रात्री सूप. मी नंतर हिशेब केला, दिवसाला सातशे कॅलरीसुद्धा भरत नव्हत्या. दोन महिन्यांत ११ किलो उतरलं. ब्लाउजला दोनदा टीप मारून घ्यावी लागली. अख्खी वऱ्हाडी मंडळी कौतुक करत होती.

लग्नानंतर चौथ्या महिन्यात ती माझ्यासमोर येऊन बसली. केस विंचरले की मूठभर हातात. पूर्वी पाळी पन्नासेक दिवसांनी का होईना, यायची. आता चार महिने पत्ता नव्हता. आणि एका रात्री उजव्या बरगडीखाली अशी कळ आली की सासरच्यांनी तिला उचलून दवाखान्यात नेलं. पित्ताशयात खडे. महिन्याभरात ऑपरेशन. वर्षाच्या आत वजन ८०.

यात नशिबाचा भाग थोडा होता, बाकी सगळं शरीरशास्त्र. वजन झपाट्याने उतरलं की यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं, आणि जेवणात स्निग्ध काही नसलं की पित्ताशय नीट आकसत नाही. साचलेल्या पित्तात खडे धरतात. केस उपासमारीच्या आठवड्यात गळत नाहीत, दोन-तीन महिन्यांनी गळतात, म्हणून दोष शाम्पूवर जातो. आणि पाळी? पीसीओएसमुळे ती आधीच रखडत होती. त्यात मेंदूला दुष्काळ पडल्यासारखं वाटलं आणि त्याने बीजकोशांना पाठवायचे निरोपच कमी केले. म्हणजे एका आजारावर दुसरा आजार हौसेने ओढवून घेतला.

आणखी एक गोष्ट शेकवाले सांगत नाहीत. पीसीओएस असलेल्या बऱ्याच जणींचं शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन ओततं, आणि हे जादा इन्सुलिन बीजकोशांना पुरुषी हार्मोन जास्त बनवायला लावतं. हनुवटीवरचे केस, मुरुमं, रखडलेली पाळी, या सगळ्याचं एक मूळ तिथे आहे. जेवणानंतरची साखर उचलायचं मोठं काम करतात आपले स्नायू. उपासमारीत चरबीबरोबर स्नायूही झडतात. ज्या कामगाराची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच आपण कामावरून काढतो.

माझी सवय अशी. पहिल्या भेटीत फाइलवर लाल पेनाने वजनाचे पाच टक्के लिहायचे. ७८ किलोला साधारण ४ किलो. तेवढं उतरेपर्यंत पुढच्या आकड्याबद्दल मी बोलूच देत नाही. पाच ते दहा टक्के उतरलं तरी अनेकींची पाळी सुधारते, साखर सुधारते. तारखेच्या आत बारीक दिसायचं असेल तर शिंप्याकडे जा, तो माझ्यापेक्षा वेगाने काम करतो.

एकादशी आणि दुप्पट खाशी

सोमवार, गुरुवार, संकष्टी. "आठवड्यात दोन दिवस तर मी खातच नाही, मॅडम." काय खात नाही विचारलं तर साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वेफर्स आणि दोन केळी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. खिचडीत प्रथिनं असतील तर ती दाण्याच्या कुटाची. उपास सोडा असं मी कुणाला सांगत नाही, तो तिचा आणि तिच्या देवाचा प्रश्न. फक्त पान बदला: भगर कमी आणि दाण्याची आमटी जास्त, राजगिऱ्याची एक भाकरी, वाटीभर दही, ताक. दिवसभर निरंकार राहून रात्री उपास सोडताना ताटावर तुटून पडणं हे आहारशास्त्रात बसत नाही, मग पंचांगात बसो.

साखर बंद करून गूळ चालू करणाऱ्यांनी एवढंच लक्षात ठेवावं की इन्सुलिनला दोन्ही सारखेच.

ज्वारीची भाकरी चांगली, म्हणून तीन नाहीत.

जिऱ्याचं पाणी, मेथीचं पाणी, ॲपल सायडर व्हिनेगर: तहान भागते. व्हिनेगर पाणी न घालता प्यायलात तर दातांचं इनॅमलही जातं.

प्रथिनांकडे मात्र बघा. मराठी ताटात ती फोडणीसारखी येतात, नावाला. किलोमागे ०.८३ ग्रॅम ही भारतीय शिफारस धरली तर ७० किलोच्या बाईला रोज साधारण ५८ ग्रॅम लागतात. एका अंड्यात ६. पातळ वरणाच्या वाटीत त्याहूनही कमी. मटकीची उसळ, पिठलं, अंडी, मासे, पनीर, सोयाबीन. आवडेल ते घ्या, पण प्रत्येक जेवणात दिसलं पाहिजे. किटो की लो-कार्ब की आणखी काही, हा वाद माझ्याकडे आणू नका. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनीही पीसीओएससाठी अमुकच एक आहार सरस असं म्हटलेलं नाही. जो दोन वर्षं पाळता येईल तो चांगला.

काट्यावर नजर, कॅलेंडरवर नाही

आपल्याकडे भिंतीवरच्या कालनिर्णयवर दुधाचे खाडे लिहितात, गॅस कधी लावला ते लिहितात. पाळीची तारीख मात्र "असेल मागच्या महिन्यात कधीतरी". माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकीला मी कॅलेंडर आणायला लावते. मोबाइलमधलं ॲपही चालेल, पण ॲप पुढची पाळी कधी येणार याचे अंदाज बांधत बसतं आणि पीसीओएसमध्ये ते हमखास चुकतात. लाल गोल बरा.

डोंबिवलीच्या एक शिक्षिका तीन महिन्यांत फक्त दोन किलो उतरल्या म्हणून रडवेल्या झाल्या होत्या. "माझ्याने नाही होणार." मी कॅलेंडर उघडायला लावलं. दोन पाळ्यांमधलं अंतर आधी ७० दिवस, मग ४८, मग ३६. अहो बाई, आपण याचसाठी तर बसलोय! पाळीच्या तोंडावर अंगात पाणी धरून काटा किलो-दीड किलो सहज वर जातो, आणि त्या दिवशीच नेमकं वजन केलं की महिनाभराच्या मेहनतीवर पाणी. वजन आठवड्यातून एकदा, सकाळी, पोट साफ झाल्यावर. महिन्यातून एकदा मापाच्या टेपने कंबर. भारतीय बायकांसाठी ८० सेंटिमीटरच्या वर गेली की लक्ष द्यायला लागायचं.

कॅलेंडरचा दुसरा उपयोग जास्त महत्त्वाचा. नव्वद दिवस पाळी आली नाही तर वजन उतरण्याची वाट बघत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. गर्भाशयाचं आतलं अस्तर साचत राहणं चांगलं नाही, पुढे ते कॅन्सरपर्यंत जाऊ शकतं.

आणि हे मोठ्याने सांगते, कारण कुणी सांगत नाही: पाळी येत नाही म्हणजे दिवस राहणार नाहीत, हा गैरसमज आहे. बीज आधी सुटतं, पाळी नंतर येते. चार-पाच किलो उतरले की थांबलेलं बीज गुपचूप सुटायला लागतं. मूल हवं असेल तर आनंद आहे. नको असेल, किंवा अशी औषधं चालू असतील जी गरोदरपणात चालत नाहीत, तर आधी बोला. २०२५ मध्ये मंजारो आणि वेगोवी ही वजन उतरवायची इंजेक्शनं भारतात आल्यापासून त्यांची विचारणा रोजची झाली आहे. औषध म्हणून माझा विरोध नाही, मैत्रिणीच्या फ्रिजमधून घेण्याला आहे. वेगोवी गरोदर राहायचा प्रयत्न करण्याच्या किमान दोन महिने आधी थांबवायचं असतं. मंजारो सुरू करताना आणि दर वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे गर्भनिरोधक गोळीच्या भरवशावर राहायचं नसतं. मैत्रीण हे सांगणार नाही.

आता भराभर

मेटफॉर्मिन (इन्सुलिनला दाद मिळावी म्हणून डॉक्टर देतात ती साखरेची गोळी) उपाशी पोटी घेऊ नका. जुलाब झाले म्हणून 'लागू पडतंय' असंही समजू नका, जुलाबाने पाणी उतरतं. वर्षानुवर्षं घेत असाल तर बी१२ तपासा, विशेषतः शाकाहारी असाल तर.

पाळी नियमित आली म्हणून हार्मोनच्या गोळ्या स्वतःच्या मनाने सोडू नका. ती गोळीने आणलेली पाळी आहे.

थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (हेही पाळी बिघडवू शकणारं एक हार्मोन) तपासल्याशिवाय सगळं खापर पीसीओएसवर फोडू नका. साखर तपासताना फक्त उपाशीपोटीची करून समाधान मानू नका. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेली तपासणी जास्त काही सांगते.

नुसतं चालणं पुरत नाही. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं चाला, पण दोन दिवस वजन उचला. जिम नको असेल तर तेलाचा पाच लिटरचा कॅन आहेच. "मग मी पुरुषी दिसेन" म्हणणाऱ्यांनी वरचा स्नायूंचा परिच्छेद पुन्हा वाचावा.

'हर्बल' लिहिलेल्या बिनलेबलच्या पुड्या कचऱ्यात. अशा मालात सिब्युट्रामिन या भूक मारणाऱ्या औषधाची भेसळ सापडल्याची उदाहरणं जगभर आहेत, आणि हृदयाला धोका म्हणून ते औषध भारतात २०११ पासून बंद आहे.

बारीक मुलीला डाएटवर बसवणं

मागच्या महिन्यात एक आई सोळा वर्षांच्या, जेमतेम ४४ किलोच्या मुलीला घेऊन आली. पोट दुखलं म्हणून सोनोग्राफी केली, रिपोर्टात 'पीसीओ' (बीजकोशांत बारीक बारीक पुटकुळ्या) आलं, आणि त्या दिवसापासून घरात मुलीचा भात बंद. पीसीओएस ठरवायला तीनपैकी दोन गोष्टी लागतात: पाळीची अनियमितता, पुरुषी हार्मोनची लक्षणं किंवा रक्तातली वाढ, आणि सोनोग्राफीत तसे पुटकुळ्यांचे दिसणारे बीजकोश. २००३ च्या तज्ज्ञांच्या रॉटरडॅम बैठकीत हे निकष ठरले. त्यातही पाळी सुरू होऊन आठ वर्षं झालेली नसतील तर सोनोग्राफी धरतच नाहीत, कारण त्या वयात बीजकोश तसे दिसणं अगदी साधं आहे. या मुलीची पाळी दर तीस दिवसांनी येत होती. मी तिला भात लिहून दिला, आईसमोर, तूप घालून.

पहिल्यांदा येताना आणायचं ते असं: सहा महिन्यांच्या तारखा, जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं (नावं आठवून सांगू नका, पाकिटंच आणा), आणि काल खरंच काय खाल्लं त्याची यादी, रात्री दोनला उभ्याने फ्रिज उघडून खाल्लेल्यासकट. पीसीओएसबरोबर हे अधाशासारखं खाणं, मग रडणं, मग दुसऱ्या दिवशी उपाशी राहणं बऱ्याच जणींना असतं. ते लपवलंत तर मी लिहिलेला कागद फुकट. थोड्या वेळाने मी आईला बाहेर बसायला सांगते. आयांनो, तेव्हा रागावू नका, बाहेर पंखा चालू असतो.