पंपाचं टायमिंग सेट करताना या चुका टाळा

"मिस्त्री, गाडी ओढत नाही, जरा टायमिंग पुढं घ्या." जुना सहा सिलेंडरचा ट्रक आला की हे वाक्य आलंच. टायमिंग म्हणजे डिझेल पंप सिलेंडरमध्ये डिझेल नेमकं कधी फवारतो ती वेळ. आणि शिकाऊ पोरगं लगेच पान्हा उचलून पंपाच्या नटांकडं धावतं. पहिली चूक इथंच.

टायमिंग रस्त्यावर चालता चालता सहसा हलत नाही. पंप कॅलिब्रेशन करून (डिझेलचं माप तपासून) परत बसवताना, कपलिंग ढिलं झाल्यावर किंवा गिअर झिजल्यावर ते हलतं. गेल्या महिन्यात नीट चढ चढणारी गाडी आज ओढत नसेल, तर आधी एअर फिल्टर काढून बघा. उसाच्या हंगामात आपल्याकडच्या रस्त्यांवर तो फार लवकर भरतो. मग डिझेल फिल्टर, टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाची जाळी, टॅपेटचा (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागाचा) गॅप, डिझेल फवारणारं नोझल. हे सगळं तपासून झाल्याशिवाय मी पंपाच्या नटाला हात लावत नाही, आणि माझ्याकडच्या पोरांनाही लावू देत नाही.

दुसरी चूक माझ्या डोक्यात बसली आहे, ती कानानं टायमिंग लावण्याची. इंजिन चालू ठेवायचं, नट ढिले करायचे, पंप हलवायचा, आवाज कडक झाला की आवळायचं. गाडी लगेच हलकी वाटते, ड्रायव्हर खूश. सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेचे दिवस होते. मार्केट यार्डातून कांदा भरून एक गाडी नांदेडला निघाली. आदल्याच दिवशी तिचं टायमिंग असं कानानं पुढं घेतलं होतं. तुळजापूरच्या घाटात आवाज बदलला, ब्रीदरमधून (इंजिनाची वाफ सोडणाऱ्या नळीतून) धूर यायला लागला आणि गाडी थांबली. ओढून माझ्याकडं आणली. हेड उघडलं तर तिसऱ्या पिस्टनची कड वितळलेली, गॅस्केट जळालेलं. पंप त्याच्या खाचेत अगदी टोकाला सरकवून आवळला होता. कांदा दुसऱ्या गाडीत भरावा लागला. मालकाची ती एकच गाडी होती. हेडपाशी उभा राहून तो नुसता पिस्टनकडं बघत होता, ते मी विसरलेलो नाही.

असं का होतं, ते समजून घ्या. पिस्टन वर पोचायच्या थोडं आधी डिझेल फवारलं जातं. ते फार आधी पडलं तर पिस्टन वर येत असतानाच जाळ पेटतो आणि त्याला उलटा दाब देतो. कडक टकटक होते ती ह्याची, ताकदीची नव्हे. शिवाय पंप क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) निम्म्या वेगानं फिरतो. पंपावर एक डिग्री हलली की क्रँकवर दोन. नखभर सरकवलं म्हणता, तिथं इंजिनाचा जीव जातो.

मी थेंबावरच लावतो. इंजिन बंद, फ्लायव्हीलची (इंजिनाच्या मागच्या जड चाकाची) खिडकी उघडी. पंपाच्या पहिल्या एलिमेंटचा (पहिल्या सिलेंडरला डिझेल देणाऱ्या भागाचा) होल्डर खोलून डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग काढायची, होल्डर परत बसवून त्यावर वाकडी नळी लावायची. हातपंप मारत इंजिन हळूहळू फिरवायचं. एलिमेंटमधला प्लंजर (दट्ट्या) वर येऊन डिझेल आत येण्याचं भोक झाकतो तेव्हा धार बारीक होते, थेंबांवर येते आणि तुटते. तुटली की थांबा आणि फ्लायव्हीलची खूण वाचा. किती डिग्री हवी ते त्या इंजिनाच्या पुस्तकात असतं, शेजारच्या गॅरेजात विचारून लावू नका.

इथं घाईवाल्यांची ठरलेली चूक होते. थेंब तुटला, खूण थोडी पुढं गेली, की इंजिन तेवढंच मागं फिरवून खूण जुळवतात. गिअरांत ढील असते. मागं फिरवलं की ती ढील उलट्या बाजूला जाते आणि वाचन खोटं येतं. खूण चुकली तर निदान पाव फेरा मागं जा आणि पुन्हा चालत्या दिशेनंच हळू या. माझ्या उस्तादांनी हे माझ्याकडून एका दुपारी इतक्यांदा करून घेतलं की पान्ह्यानं हात सोलले. आजही मी तीनदा वाचन घेतो, तिन्ही जुळली तरच आवळतो.

थेंब बघायच्या आधी पहिला सिलेंडर कॉम्प्रेशनवर, म्हणजे हवा दाबत आहे ना, हे सहाव्याच्या रॉकरवरून (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांडीवरून) बघा. त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह डोलत असतील तर पहिला बरोबर आहे.

इंजिन बंद करायची वायर ओढलेली राहिली तर धार तुटतच नाही, आणि पोरं तासभर खूण शोधत बसतात.

पंपातून काढलेला डिलिव्हरी व्हॉल्व्ह फडक्यावर ठेवू नका, स्वच्छ डिझेलच्या वाटीत ठेवा.

पंप ढिला करायच्या आधी फ्लँजवर (पंप इंजिनाला जोडणाऱ्या कडेवर) छिन्नीची बारीक रेघ मारा. बॉडी पंपाच्या फिरण्याच्या उलट वळवली की टायमिंग पुढं येतं, त्याच दिशेनं वळवली की मागं जातं.

आवळून झालं की थेंब आणखी एकदा बघा, कारण नट आवळतानाही पंप सरकतो. मग व्हॉल्व्ह बसवा, डिझेलमधली हवा काढा आणि गाडी भरल्या मालानं चढावर नेऊन आणा. रिकामी गाडी यार्डात फिरवून काहीच कळत नाही.