लिव्हरचा रिपोर्ट वाढलेला आला? आधी गोळ्यांची यादी करा

रिपोर्टमध्ये एसजीपीटी या लिव्हरच्या एन्झाइमसमोर ठळक आकडा दिसला की घरात पहिला संशय तेलकट खाण्यावर, नाहीतर दारूवर. गोळ्यांचा डबा कुणी उघडत नाही. तो आधी उघडा. औषधांनी हा आकडा खरोखर वाढू शकतो, आणि कुठल्या औषधामुळे ते बऱ्याचदा तारखांवरून उमगतं.

कागद घ्या आणि गेल्या तीन महिन्यांत पोटात गेलेलं सगळं लिहून काढा, संपलेल्या गोळ्यांसकट. ॲमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड एकत्र असलेल्या अँटिबायोटिकमुळे कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनीही कावीळ होऊ शकते. तोवर दाढदुखी कधीच विसरलेली असते. नोंद अशी हवी: ‘ॲमॉक्सी-क्लॅव्ह ६२५, दिवसातून दोनदा, २ ते ७ जून, दाढेसाठी.’ ‘मधे कसलं तरी अँटिबायोटिक घेतलं होतं’ एवढ्यावर डॉक्टर काय करणार?

मग स्ट्रिप उलटी करून घटक वाचा. तापासाठी पॅरासिटामॉल ६५० चार वेळा घेतली, म्हणजे २६०० मिलिग्रॅम झाले. त्यावर मेडिकलवाल्यानं दिलेली सर्दीची गोळी तीन वेळा. तिच्यातही बहुधा ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. बेरीज ४१००. निरोगी मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४००० आहे, आणि रोज दारू घेणाऱ्यानं तर तिच्या बरंच खाली राहायला हवं.

काढे, चूर्णं, जिमची पावडर हेही यादीत हवं. ‘ते आयुर्वेदिक आहे हो’ म्हणून सगळ्यात जास्त लपवलं जातं ते हेच. कोरोनाच्या काळात गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवलं. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही. वाद असू दे, तुम्ही नोंद करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: आकडा बघून स्वतःच गोळ्या बंद करू नका. टीबीच्या आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड या तिन्ही औषधांचा लिव्हरला त्रास होऊ शकतो, पण थोडी वाढ झाली म्हणून उपचार थांबत नाहीत. उलटी, मळमळ किंवा कावीळ असेल तर एसजीपीटी ‘नॉर्मल’च्या कमाल मर्यादेच्या तिपटीवर गेल्यावर, आणि काहीच त्रास नसेल तर पाचपटीवर गेल्यावर डॉक्टर साधारणपणे गोळ्या थांबवतात. रिफॅम्पिसिननं लघवी नारिंगी होते, ती कावीळ नव्हे. डोळ्यांचा पांढरा भाग उजेडात तपासा. तो पिवळा दिसला, सारखी उलटी होत असली किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांनी झालेल्या तिपटीखालच्या वाढीवर बहुधा नुसतं लक्ष ठेवलं जातं. फिटच्या फेनिटॉइननं जीजीटी हे लिव्हरचं आणखी एक एन्झाइम वाढतं, तेव्हा लिव्हर बिघडलेलं असेलच असं नाही. ती गोळी मात्र एकदम सोडली तर फिट येऊ शकते.

पुन्हा तपासणी करायची तर शक्यतो त्याच लॅबमध्ये करा, कारण प्रत्येकाची ‘नॉर्मल’ची मर्यादा थोडी वेगळी असते. आदल्या एक-दोन दिवसांत जोरदार व्यायाम नको, स्नायूंतूनही एसजीओटी (रिपोर्टमधलं एसजीपीटीच्या जोडीचं एन्झाइम) रक्तात उतरतं. सांधेवात किंवा सोरायसिससाठी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेत असाल तर रक्त पुढच्या डोसच्या आधी द्या. डोसनंतर एक-दोन दिवस आकडा तात्पुरता चढलेला असतो.