फरशी तुटते ती शेवटच्या इंचात

सांगलीत फरशीच्या कामाला लागून मला बावीस वर्षं झाली. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पाणी उतरल्यावर गावभागातल्या एका घरात फरशी बदलायचं काम घेतलं, आणि खांबाभोवतीचा एल कट मारताना दोन बाय चारच्या दोन फरश्या माझ्या हातून कोपऱ्यात तडकल्या. त्या शेडचा माल दुकानात संपलेला. घरातल्या काकू एक शब्द बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं. नव्याने टेबल कटर (वरून ब्लेड असलेलं, पाण्यावर फरशी कापायचं मशीन) घेतलेल्या पोरांनी माझी ही चूक करू नये, म्हणून सांगतो.

आधी वीज. पाणी आणि करंट शेजारी शेजारी आहेत हे विसरू नका. अर्थिंगचा थ्री पिन आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) असल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही. वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्यायची, म्हणजे ओघळलेलं पाणी झोळावरून खाली पडतं, सॉकेटात जात नाही. डोळ्याला चष्मा हवाच. हातमोजे मात्र नकोत, फिरत्या ब्लेडमध्ये अडकतात.

ब्लेड अखंड कडेचं घ्या. खाचांचं ब्लेड काँक्रीटसाठी असतं, ते फरशीचे टवके उडवतं. डायमंड ब्लेड करवतीसारखं कापत नाही, घासतं. म्हणून ढकलायचं नाही, ब्लेड जेवढं खाईल तेवढंच पुढे सरकवायचं. आवाज जड झाला की हात सैल सोडा. पाणी ब्लेडच्या दोन्ही बाजूंना लागतंय ना, ते दर कटाला बघा. ते ब्लेड थंड ठेवतं आणि धूळही बसवतं. ही धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. ब्लेड गुळगुळीत होऊन खायचं बंद झालं तर साध्या विटेत दोन-चार काप मारा, हिरे परत उघडे पडतात.

सरळ कट सगळ्यांना सोपा वाटतो. पण शेवटचा इंचभर राहिला की सुटणारा तुकडा स्वतःच्या वजनाने लोंबतो आणि कोपरा घेऊनच तुटतो. म्हणून आधी पलीकडच्या टोकाकडून दीड इंच कापून घ्या, फरशी फिरवा, आणि समोरून येऊन त्या कापाला मिळा. दोन्ही तुकड्यांना खालून आधार हवा. स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायथ्याच्या पट्ट्या, काढताना ब्लेडची जाडी हिशेबात धरा. ६०० मिलिमीटरच्या फरशीतून सहा पट्ट्या काढायच्या तर पाच काप, प्रत्येकी दोन मिलिमीटर, म्हणजे दहा गेले. पट्टी १०० ची नाही, ९८ चीच निघणार.

नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे मोरीतलं पाणी जायच्या जाळीकडे, उतार देताना पत्राच्या पाकिटासारखे तिरके काप लागतात. तिथे टोक नाजूक असतं. सरळ कटाचीच युक्ती वापरा, आणि टोकाजवळ वेग निम्मा करा.

भिंतीच्या बाहेरच्या कोपऱ्याला पंचेचाळीस अंशांचा तिरका काप मारायचा असेल तर ब्लेड चकाकत्या कडेपर्यंत नेऊ नका. वरची एक मिलिमीटर जाडी तशीच ठेवा. पार धार काढली की बादली लागली तरी टवका उडतो.

आता एल कट. आतल्या कोपऱ्याच्या खुणेवर, वाया जाणाऱ्या बाजूला, आधी सहा मिलिमीटरचं भोक पाडायचं, पाणी सोडत, डायमंड बिटने. टोकदार कोपऱ्यात ताण साठतो आणि तिथूनच तडा पळतो. गोल भोकात तो पळत नाही. माझ्या दोन्ही फरश्या भोकाविना गेल्या होत्या. दुसरी गोष्ट, ब्लेड गोल असल्याने वरच्या बाजूला काप पुढे जातो, खाली मागे राहतो. वरून खुणेला पोचलात की थांबा. मग फरशीची पुढची कड हाताने हळूच उचला, ब्लेड जास्त उभं लागतं आणि खालचा उरलेला भाग सुटतो. हाताने मोडून काढायला जाऊ नका.

सॉकेटची चौकोनी खिडकी पाठीमागून आखा. फरशी उलटी ठेवून ब्लेड वरून मधोमध उतरवा. काप खुणेच्या जरा बाहेर गेला तरी तो पाठीवर राहतो, दर्शनी बाजूला दिसत नाही.

कमोडभोवतीचा गोल कट सरळ ब्लेडने निघतो. गोलाच्या रेषेपर्यंत पाच-सहा मिलिमीटरवर कंगव्यासारखे काप मारा, दात पकडीने एकेक मोडा, उरलेलं घासायच्या दगडाने गोल करा. ब्लेडच्या बाजूने घासू नका, ते वाकतं.

काम संपलं की ट्रेमधलं पांढरं पाणी मोरीत ओतू नका, पाइपात गाळ धरतो. बादलीत रात्रभर ठेवा. सकाळी वरचं पाणी निवळलेलं असतं, तळाचा गाळ पोत्यात भरून राबिटाबरोबर, म्हणजे बांधकामाच्या कचऱ्याबरोबर, द्या.