सरकारी कार्यालय बांधताना वीज आणि जमीन कशी जपावी
सार्वजनिक जमिनीवर कार्यालय उभारताना आराखड्याआधी जुनी झाडे आणि पाण्याचा नैसर्गिक उतार नकाशावर नोंदवावा. खोदाईत निघालेली वरची सुपीक माती जपून ठेवून पुन्हा तिथेच पसरावी, कारण तिचा काही सेंटिमीटरांचा थर तयार व्हायलाही शतके लागतात. इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी. उत्तर गोलार्धात दक्षिणेच्या खिडक्यांना आडवे छज्जे पुरतात. पश्चिमेचे ऊन मात्र तिरपे आत येत असल्याने तिकडे खिडक्या कमीच बऱ्या. वातानुकूलनाच्या पंख्यांना वेगनियंत्रक अवश्य बसवावेत, कारण वेग २० टक्क्यांनी कमी केला की वीज जवळपास निम्मीच लागते. सौर पॅनेल छतावर किंवा वाहनतळावर बसवावीत. लोकांच्या हक्काची मोकळी जमीन त्यासाठी अडवू नये.