पावडर कोटिंगच्या ओव्हनमध्ये जॉबचे तापमान कसे मोजावे

पावडर कोटिंगमध्ये धातूच्या वस्तूवर, म्हणजे जॉबवर, रंगाची कोरडी पावडर मारून ती ओव्हनमध्ये भाजून पक्की करतात. ओव्हनच्या दाराशेजारचा कंट्रोलर २०० अंश दाखवतो, तेव्हा तो आतील हवेचे, आणि तेही जिथे त्याचा सेन्सर बसवलेला आहे तेवढ्याच कोपऱ्यातील हवेचे तापमान दाखवत असतो. पावडरसोबत येणाऱ्या माहितीपत्रकात ‘१८० अंशांना १५ मिनिटे’ किंवा ‘२०० अंशांना १० मिनिटे’ असे जे लिहिलेले असते, ते धातूच्या तापमानाविषयी असते. म्हणजे ती मिनिटे दार लावल्यापासून मोजायची नसून धातू त्या तापमानाला पोचल्यापासून मोजायची असतात. “दोनशेवर लावा आणि वीस मिनिटांनी काढा” हा सल्ला मला पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात अनेकांनी दिला, पण जॉब किती जाड आहे हे त्यांपैकी एकानेही विचारले नाही.

मोजण्यासाठी के-टाइप थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकाला जोडून केलेला तापमानाचा सेन्सर) आणि दोन चॅनेलचा, म्हणजे एकाच वेळी दोन थर्मोकपल लागणारा, मीटर घ्यावा. नोंदी साठवून ठेवणारा असेल तर अधिक चांगले. तारेचे वेष्टन फायबरग्लासचे हवे, कारण साधे पीव्हीसी या उष्णतेत वितळते. तार अपुरी पडली म्हणून तिला घरातील तांब्याची वायर जोडू नये. तेवढ्याने वाचन चुकते. कामाला लागण्यापूर्वी थर्मोकपल बर्फ आणि पाण्याच्या काल्यात बुडवून शून्य दाखवते का ते पाहावे, आणि नंतर उकळत्या पाण्यात धरावे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्यामुळे येथे पाणी सुमारे ९८ अंशांनाच उकळते. मीटर १०० दाखवत नाही म्हणून तो बिघडला आहे असे समजून परत करणारे मी पाहिले आहेत.

मोजण्यासाठी लोडमधील, म्हणजे ओव्हनमध्ये एका वेळी घातलेल्या मालातील, सर्वांत जाड जॉब निवडावा, आणि तो ओव्हनच्या ज्या भागात सर्वांत कमी गरम हवा पोचते तिथे, बहुधा दाराजवळ खालच्या बाजूला, टांगावा. ओव्हन रोजच्यासारखा भरलेला असावा. रिकाम्या ओव्हनमध्ये काढलेला आलेख फार देखणा येतो, पण त्याचा उपयोग काहीच नसतो.

आता खरे कठीण काम, म्हणजे थर्मोकपल जॉबला बसवणे. इथे मी स्वतः एकदा चांगलाच फसलो आहे, म्हणून हे सविस्तर लिहितो.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे १२ मिलिमीटर प्लेटचे ब्रॅकेट आणि १.६ मिलिमीटर पत्र्याची कव्हरे एकाच ऑर्डरमध्ये आली. दोन्ही एकाच लोडमध्ये, २०० अंशांवर वीस मिनिटे ठेवून दिली. कव्हरे उत्तम होती, पण ब्रॅकेट परत आले, कारण बोल्ट आवळताच वॉशरखालची पावडर पापुद्र्यासारखी सुटत होती. मी सगळा दोष फॉस्फेटिंगवर, म्हणजे पावडर धरावी म्हणून धातूवर आधी केल्या जाणाऱ्या रासायनिक प्रक्रियेवर, ठेवला आणि पंधरा दिवस टाक्यांमधील केमिकल बदलत बसलो. मग थर्मोकपल आणले, ते ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीने प्लेटला चिकटवले, आणि मीटरने सहा मिनिटांत १९५ अंश दाखवले. म्हणजे बेकिंग बरोबर आहे असे मी मानले, आणि आणखी आठवडा वाया गेला. चूक लक्षात आली ती पट्टी काढताना. तिचा डिंक उष्णतेने सुटला होता, पट्टीची कड वर वळली होती, आणि थर्मोकपलचा मणी, म्हणजे तारांच्या टोकाचा जोड, प्लेटपासून दोन-तीन मिलिमीटर वर हवेत लोंबत होता. इतका वेळ मी हवेचेच तापमान मोजत होतो.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की जाड जॉबसाठी चिकटपट्टीवर विसंबू नये. त्याच जाडीचा एक भंगारातील तुकडा घ्यावा, त्यात तारेच्या मापाचे छिद्र जाडीच्या निम्म्यापर्यंत पाडावे, मणी तळाशी टेकवावा आणि छिद्राची कड पंचने ठोकून तार घट्ट धरून ठेवावी. पुढची चार-पाच सेंटिमीटर तार जॉबला लागूनच न्यावी आणि बारीक बाइंडिंग तारेने बांधावी, म्हणजे गरम हवेतील तारेतून उष्णता मण्याकडे वाहत येत नाही. छिद्र पाडणे शक्यच नसेल तर पोलादासाठी चुंबकाचा आणि ॲल्युमिनियमसाठी क्लॅम्पचा प्रोब वापरावा, पण टेकणारी जागा आधी घासून लख्ख धातूपर्यंत साफ करावी. या तुकड्यावर पावडर मारण्याची गरज नाही. साठ-ऐंशी मायक्रॉनच्या थराने तापण्याच्या वेळेत नाव घेण्यासारखा फरक पडत नाही.

मणी वेल्ड केलेलाच असावा. दोन तारांना पीळ देऊन काम भागवण्याची पद्धत सर्रास दिसते, पण अशा जोडात मीटरच्या बाजूने येताना तारा प्रथम जिथे एकमेकींना टेकतात तिथले तापमान मोजले जाते, आणि ती जागा बहुधा हवेतच असते. हीच गोष्ट दाराशी घडते. तार दाराच्या सीलखाली दबून वेष्टन फाटले आणि आतील दोन तारा एकमेकींना टेकल्या, की मीटर दाराचे तापमान दाखवू लागतो. म्हणून तारेसाठी सीलमध्ये एका कोपऱ्यात जागा करून द्यावी आणि प्रत्येक वेळी ती बोटांनी चाचपून पाहावी.

दुसऱ्या चॅनेलचे थर्मोकपल त्याच जॉबच्या शेजारी हवेत मोकळे सोडावे. आता दार लावून दोन्ही आकडे दर मिनिटाला लिहावेत. जाड प्लेटचा आकडा हवेच्या आकड्याच्या बरोबरीने चढू लागला तर आनंद मानू नये. मणी सुटला आहे असे समजावे. शंका असेल तर दार अर्धा मिनिट उघडून पाहावे. हवेचा आकडा धाडकन काही दहा अंश खाली येईल, पण धातूला नीट टेकलेल्या मण्याचा आकडा जाड प्लेटवर दोन-चार अंशांपलीकडे हलणार नाही. दोन्ही आकडे एकदम पडले, तर मोजणी रद्द करून पुन्हा बसवावे.

छिद्र पाडून काढलेल्या आलेखात माझी ती १२ मिलिमीटरची प्लेट वीस मिनिटांनी १५५ अंशांच्या आसपास होती, आणि १८० गाठायला तिला अर्धा तास लागला. त्या पावडरच्या माहितीपत्रकात १८० अंशांना १५ मिनिटे होती, म्हणजे ओव्हनमधील एकूण वेळ ४५ मिनिटे. पत्र्याची कव्हरे मात्र पाचेक मिनिटांतच १८० ला पोचत होती. ती प्लेटसोबत ४५ मिनिटे ठेवली असती, तर पांढरा रंग पिवळट पडला असता. म्हणून जाड आणि पातळ जॉब एका लोडमध्ये घेऊ नयेत, ग्राहकाची कितीही घाई असली तरी.

वस्तूच्या उष्णताकिरणांवरून दुरूनच तापमान सांगणाऱ्या इन्फ्रारेड गनविषयी मला नेहमी विचारतात. लेप दिलेल्या जॉबवर, जवळून आणि गनवरची उत्सर्जकता (पृष्ठभाग किती प्रमाणात किरण सोडतो तो आकडा) ०.९५ च्या आसपास ठेवून ती झटपट अंदाज देते, हे खरे. पण चकचकीत ॲल्युमिनियम स्वतः फार कमी किरण सोडते आणि भोवतालच्या भिंतींचेच किरण परावर्तित करते, त्यामुळे उघड्या धातूवरचा आकडा निरर्थक असतो. ओव्हनच्या काचेतून तर मोजूच नये, कारण साधी काच हे किरण अडवते आणि गन काचेचेच तापमान सांगते. शिवाय बारास एक प्रमाणाची गन, म्हणजे अंतराच्या बाराव्या भागाएवढ्या रुंदीचे वर्तुळ पाहणारी, तीन मीटरवरून पंचवीस सेंटिमीटरच्या वर्तुळाची सरासरी देते. त्यात जॉब किती आणि मागची भिंत किती, हे आपणच ओळखावे. तापमानाने रंग बदलणाऱ्या पट्ट्या स्वस्त आणि सोयीच्या आहेत, पण त्या गाठलेले कमाल तापमान सांगतात, जॉब तिथे किती वेळ राहिला ते सांगत नाहीत.

जॉब पूर्ण थंड झाल्यावर पावडर-उत्पादकाने सांगितलेल्या द्रावकात कापूस भिजवून घासून पाहावे. थर मऊ पडून कापसावर रंग भरभरून आला, तर जॉब कच्चा आहे.

मिळालेली वेळ जाडीप्रमाणे लिहून ओव्हनवर चिकटवावी. बर्नर किंवा ब्लोअरला हात लागला, टांगण्याची पद्धत बदलली किंवा नव्या प्रकारची पावडर आली, की मोजणी पुन्हा करावी. आमच्या भागात गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते आणि शुक्रवारी सकाळी ओव्हनच्या भिंती, ट्रॉली, हँगर सगळेच थंडगार असते. कंट्रोलरने २०० दाखवले तरी पहिल्या लोडची जाड प्लेट पाच-सात मिनिटे मागेच राहते, आणि त्या लोडला मी अजूनही थर्मोकपल लावूनच दार बंद करतो.